शालोमचं उत्तर

नव्वदच्या दशकात इस्रायलमध्ये एक पॉप गायिका रोज संध्याकाळी टीव्हीवर कार्यक्रमही करायची. हात उंचावून "शालोम!" असा नमस्कार करायची, आणि भारतातून आलेली, हिब्रू धड न येणारी आमची आई डोक्यावर पदर घेऊन टीव्हीला उत्तर द्यायची, "शालोम गं बाय."

कार्यक्रम बंद पडला. पुढे समुद्रकाठच्या एलात शहरात, मी कामाला होते त्या हॉटेलात, ती जेवणाऱ्यांसमोर गायला आली. कुणी ताटातून मान वर काढेना. गाणं संपताच, मला भेटायला आलेली आई तडक तिच्यापाशी. "किती दिवसांत दिसली नाहीस गं! बरी आहेस ना?"

मला मेलं तोंड कुठे लपवू असं झालं. तरी तिला हिब्रूत सगळं सांगितलं, त्या शालोमसकट.

"म्हणजे कुणीतरी उत्तर देत होतं," ती हळूच म्हणाली. मग तिने तस्साच हात उंचावला.

आईने आधी पदर डोक्यावर घेतला.