तात्यांचे चार महिने

तात्यांना कुठे धरणे धरायचे असले, की आदल्या दिवशी ते स्वतः जाऊन सांगून येत. पाटबंधारे कचेरीत साहेबांना नमस्कार करून म्हणत, "उद्या नऊला दारात बसणार हाय. जायला-यायला वाट सोडीन. तुमी तुमचं काम चालू ठेवा." समोरच्याला शहाणं व्हायला एक रात द्यावी, असे त्यांचे म्हणणे. इंग्रजांच्या काळात इंदापूरच्या कचेरीवर झेंडा लावायला निघाले, तेव्हाही त्यांनी मामलेदाराला आधी कळवले होते. साहजिकच दुसऱ्या दिवशी पोलीस दारातच उभे होते. हे सांगताना तात्या स्वतःच खूप हसत.

त्या झेंड्यापायी तात्या येरवड्याला अकरा महिने होते, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होते.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षे झाली त्या साली गावाने तात्यांचा सत्कार ठरवला. मी हायस्कुलात गणित शिकवत असे, म्हणून मानपत्राचे काम माझ्याकडे आले. आकडा चुकू नये म्हणून मी नऊ म्हाताऱ्यांना विचारले. नऊही जणांनी अकरा महिनेच सांगितले. मग मी निर्धास्तपणे मजकूर बारामतीहून छापून आणला आणि काचेच्या चौकटीत बसवला.

चौदा ऑगस्टला दिवेलागणीला तात्या आमच्या ओट्यावर आले.

"गुरुजी, उद्या तुमच्या मांडवाच्या दारात बसणार हाय."

"तात्या, सत्कार तुमचाच आहे!"

"म्हणून तर. मी चारच महिनं हुतो. आई आजारी पडली, मी चळवळीत न्हाय पडणार असं लिहून दिलं आन सुटलो. अकरा सखारामनं काढलं."

सखाराम महारवाड्यातला. झेंड्याची काठी त्याच्याच हातात होती. तो वारून वीस वर्षे झाली होती. मानपत्रात त्याचे नाव कुठेच नव्हते.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मी विचारले.

"लोक म्हणायचं, मला बरं वाटायचं. पर आता छापलंय. आता गप बसलो तर त्याचं महिनं मी कायमचं घेतलं."

नऊ जणांना विचारले. दहाव्याला, खुद्द तात्यांना, विचारायचे मला सुचलेच नव्हते. मी सरपंचांकडे गेलो. ते म्हणाले, "म्हातारा लाजतोय, दुसरं काय!"

सकाळी तात्या घोंगडी टाकून मांडवाच्या दारात बसलेले. बाजूला तांब्या. माणसांना जायला वाट बरोबर सोडलेली.

"तात्या, सात महिन्यांसाठी अडून बसता व्हय? पाव्हणं आल्यात!" सरपंच घामाघूम झाले होते.

"सात महिनं आत बसून बघा आबा, मग सांगा."

मांडवात हशा पिकला. सरपंचही ओशाळून हसले. दोन तास गेले. तात्या उठेनात, पाहुणे घड्याळ बघू लागले. शेवटी मीच मानपत्र उचलले, मागचे चार खिळे काढले आणि निळ्या शाईने 'अकरा' खोडून 'चार' लिहिले. खाली मोकळ्या जागेत लिहिले : 'सोबती सखाराम, अकरा महिने.' तात्यांनी ते दोनदा वाचले, घोंगडी झटकली आणि आत जाऊन निमूट हार घालून घेतला.

समारंभ आटोपल्यावर ते मानपत्र आणि मला घेऊन सखारामच्या घरी गेले. त्याची बायको सोनाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

"सोने, सखारामचं नाव लागलं बघ. गुरुजी, वाचा."

मी वाचले. सोनाबाईने सूप खाली ठेवले. "अकराच?"

तात्या चमकले. "मग?"

"अकरा महिनं आन नऊ दिस. रोज कोळशानं भिताडावर रेघ मारत हुते मी. तुमी आधी सुटून आलासा तात्या, तुमाला काय ठावं?"

तात्यांनी मान खाली घातली. मग माझ्या खिशातले पेन काढून माझ्या हातात दिले.

पुढे दीड वर्षाने तात्या गेले. आपल्या घरी त्यांनी ते मानपत्र कधी नेलेच नाही. ते सोनाबाईच्या भिंतीवर होते, माझ्या हातच्या निळ्या दुरुस्त्यांसह. शेवटची दुरुस्ती नऊ दिवसांची आहे.