खिळ्यावरची चिंधी

"दार तोडू नको," मी आतून म्हणाले. "कोणा बाईला बोलाव."

मी संडासात जमिनीवर पडले होते. कमोडवरून उठताना पाय सरकला, खुब्यात काहीतरी मोडलं, आणि भिंत नि कमोड यांच्या मधल्या सापटीत मी अडकले. पातळ कमरेच्या वर गेलेलं. खाली ओढायला हात पोचत नव्हता. कडी आतून लावलेली. बाहेर उभा होता तो आमच्या शेजारच्या खोलीतला. त्याच्याशी मी वर्षभर बोलत नव्हते.

"बायका आहेत कुठे मजल्यावर?" तो म्हणाला. "सगळ्या खालच्या हळदीकुंकवाला गेल्यात."

ते खरं होतं. मी विधवा, मला बोलावणं नसतं. म्हणून त्या दुपारी मजल्यावर बाई अशी मी एकटीच होते.

आमची चाळ काळाचौकीची. मजल्याच्या टोकाला बोळ आणि बोळात चार संडास, दोन बायकांचे, दोन पुरुषांचे. पुरुषांच्या बाजूचा पाइप फुटला. टॉवर होणार आहे म्हणून दुरुस्तीला कोणी हात लावीना. मग चाळीच्या कमिटीनं ते दोन बंद केले आणि आमचे दोन सगळ्यांना खुले केले. एकात म्हाताऱ्या माणसांसाठी कमोड बसवला. शेजारचा कमिटीत होता. दारावरचं 'स्त्रिया' त्यानंच खरवडून काढलं.

नात परळच्या एका ऑफिसात आहे. ती म्हणाली, आजी, आमच्याकडे पण बाई-पुरुष सगळ्यांना एकच असतं, कोणाला काही वाटत नाही. मी विचारलं, दार कसं आहे? तर म्हणे जमिनीपासून वरपर्यंत, कडी लावली की बाहेर लाल खूण दिसते. असं दार असल्यावर वाटेल कशाला? आमच्या दाराची फळी खालून कुजलेली. आत बसलेल्या बाईचे पाय बाहेरून दिसतात, आणि रांगेतले पुरुष तंबाखू मळत ते बघत उभे राहतात.

म्हणून बोळाच्या तोंडाशी मी खिळा ठोकला. जुन्या लुगड्याची चिंधी फाडली. बाईनं आत जाताना ती खिळ्याला अडकवायची, बाहेर आल्यावर काढून कठड्यावर ठेवायची. चिंधी दिसली की पुरुषानं जिन्यापाशीच थांबायचं. जे थांबले नाहीत त्यांना मी त्यांच्या बायकापोरांसमोर धुतलं. दोन-तीन महिन्यांत सगळे सरळ झाले.

शेजारचा हा एक झाला नाही. चिंधी ओढून काढायचा आणि सरळ आत यायचा. "कॉमन म्हणजे कॉमन," म्हणायचा. "माझं पोट तुझ्या चिंधीला विचारून चालत नाही." एकदा त्यानं ती खाली चौकात भिरकावली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

पडले त्या दिवशी चिंधी खिळ्यावर होती. मी हाका मारल्या. एक जण आला, बोळाच्या तोंडाशी खोकला आणि परत गेला. दुसऱ्यानं हाक ऐकली. तिथूनच म्हणाला, "काकी, चिंधी आहे. मी कसा येऊ? बायकोला पाठवतो." गेला तो खोलीत जाऊन बसला, बायको यायची वाट बघत. खाली जाऊन बोलवायचं त्याला सुचलं नाही. मला मात्र खालची गाणी ऐकू येत होती.

मग हा आला. नेहमीसारखी चिंधी ओढली आणि दाराशी आला. मी काय झालं ते सांगितलं, आणि दार तोडू नको हेही सांगितलं.

"मग काय, मरतेस तिथंच?"

"मरेन. तू वर्षभर ह्याचीच वाट बघत होतास."

त्यानं लाथ घातली. दुसऱ्या लाथेला कुजकी फळी कडीसकट आत आली.

"डोळे मीट, मेल्या."

"डोळे मिटून उचलू कसा तुला, म्हातारे?"

चिंधी त्याच्या हातातच होती. ती त्यानं माझ्या मांड्यांवर फेकली. पसरली वगैरे नाही, फेकली. मग काखेत हात घालून मला बोळातून गॅलरीत ओढत आणलं. दुखत होतं म्हणून मी शिव्या देत होते, तो परत देत होता. मग त्यानं खोलीत बसलेल्या त्या दुसऱ्याला बाहेर काढलं, आणि दोघांनी खुर्चीत बसवून मला खाली उतरवलं. चौकात बायका हातात वाण घेऊन उभ्या होत्या.

हॉस्पिटलात सून आली. पहिला प्रश्न, "आई, तो आत आला तेव्हा पातळ नीट होतं ना तुमचं?" हाड कुठलं मोडलं ते तिनं नंतर विचारलं. बाकीच्या बायकांनी तर हाडाचं विचारलंच नाही. शेजाऱ्यानं नाक्यावर एवढंच सांगितलं म्हणे, की म्हातारी वजनाला भारी आहे.

खुब्यात सळई घातली. वॉकर घेऊन घरी आले तोवर कमिटीनं पत्र्याचं दार बसवलं होतं, खालपर्यंत. कडीही नवी. संडास अजून सगळ्यांना तेच दोन आहेत. मी नवी चिंधी फाडून खिळ्याला लावली. पुरुष जिन्यापाशी थांबतात. हा अजून ओढून काढतो.

त्यानं माझी चौकशी केली नाही, मी त्याचे उपकार मानले नाहीत. दार तोडू नको असं मी सांगितलं होतं. त्यानं तोडलं. मी जिवंत आहे.