पाणी कुणाच्या रानात

घराचा रस्ता करायला घेतला की मुरूम पुरत नाही आणि किस्से सरत नाहीत. आमच्या वस्तीच्या रस्त्याचं काम कधीच संपलं, पण त्यावरून चहाला येणारा प्रत्येक जण अजून एखादा किस्सा काढतोच. गंमत अशी, की प्रत्येकाच्या किश्शात शहाणा तो एकटा आणि बाकीचे सगळे गाढव. मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. माणूस दारातून चढतानाच मला कळतं, हा कुठल्या सीटवर बसून काय अक्कल पाजळणार आहे. तेव्हा म्हटलं, एकदाचं सगळं आपणच सांगून टाकावं. गाढवांच्या यादीत मीही आहे, हे आधीच कबूल करतो.

* * *

आमची वस्ती शिराळ्याच्या बाजूला, डांबरी रस्त्यापासून चारशे मीटर आत. मध्ये सगळी काळी जमीन. पावसाळ्यात मोटरसायकल डांबरीला लावायची, चपला हातात घ्यायच्या आणि चिखल तुडवत घर गाठायचं, ही आमची बापजाद्यांपासूनची पद्धत. कुणाला तिची लाज वाटत नव्हती.

मग सून रोहिणीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. हे दुसरं, म्हणजे आमच्याकडं, आणि डॉक्टरांनी तारीख दिली ऐन आषाढातली. पोरगा सागर फौजेत, आसामला. रजा मिळायची नाही म्हणून फोनवर सांगत होता, "आबा, बाकी काय नको. गाडी तेवढी दारात आली पायजे."

मी म्हटलं, "येईल की."

एसटीच्या दाराला लोंबकळणाऱ्या माणसाला मी जितक्या सहज "पुढं लय जागा हाय" म्हणायचो, तितक्याच सहज म्हटलं.

* * *

रस्ता करायचा म्हटल्यावर पहिले हजर झाले हणमंत हवालदार. आमच्या शेजारच्या वस्तीवरचे, रिटायर्ड. आल्या आल्या कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "लडाखात आमी बर्फात रस्ता काढला, आबा. ह्ये तर काय, काळं रान."

जुनी बैलगाडीची वाट होती ती बांधाबांधानं, उंचावरून, वळण घेत यायची. आमच्या आज्याला ते वळण का घ्यावंसं वाटलं असेल, हा प्रश्न हवालदारांना पडला नाही. त्यांनी डांबरीपासून आमच्या उंबऱ्यापर्यंत सरळ दोरी धरली आणि चुन्याची फक्की मारली. रेघ बरोबर लवणातून गेली. लवण म्हणजे आमच्या शिवारातली सगळ्यात खोलगट जागा, वरच्या सगळ्या रानांचं पाणी जिथून उतरतं ती.

मी म्हटलं, "हवालदार, वळण घेऊया की."

"फौजेत वळण नसतंय."

लडाखच्या माणसाला कंडक्टरनं काय सांगायचं?

पुढं एका लग्नात त्यांचा पलटणीतला सोबती भेटला. मी लडाखच्या रस्त्याचा विषय काढला. तो म्हणाला, "हणमंतराव? ते कुक हाऊसला हुते की आमच्याकडं. चपाती लय बेस करायचे."

दुसऱ्या दिवशी मी हवालदारांना गाठलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. म्हणाले, "कुक हाऊसला जायला बी रस्ता लागतोच की, गड्या."

* * *

ट्रॅक्टर शौकतभाईंचा. ते मागं ब्लेड लावून माती ओढायचे, ट्रॉलीनं मुरूम आणायचे, पुन्हा ओढायचे. हात सफाईचा, बोलणं कमी. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "आबा, आधी फूटभर काळी माती खरडून काढू, मग मुरूम टाकू."

इथं आमचा चुलतभाऊ तात्या मध्ये पडला. रस्त्याच्या खालच्या अंगाचं रान त्याचं, हळदीचं. तो म्हणाला, "सोन्यासारखी माती कशाला खरडायची? वरनं मुरूम वता, दाबून बसतंय." मला ते पटलं. आयती मेहनत वाचत असेल तर मला काहीही पटतं.

ओतला मुरूम. वरून टँकरनं पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी भरली ट्रॉली आली आणि निम्म्या चाकापर्यंत खाली बसली. मुरूम आणि माती यांचा शिरा झाला होता. मग सगळं पुन्हा उकरलं, माती खरडली, कडेला ढीग लावला.

संध्याकाळी बघतो तर ढीग गायब. तात्यानं स्वतःची बैलगाडी लावून सगळी माती आपल्या रानात नेली होती. मी विचारलं तर म्हणाला, "तू टाकूनच देणार हुतास न्हवं?"

* * *

तीन दिवसांत शौकतभाईंनी रस्ता असा आणला, की बघत राहावं. मधोमध आंब्याजवळ त्यांनी एक उंचवटा ठेवला होता, दोन्हीकडं छान उतार दिलेला. मी येईल त्याला तिथं नेऊन उभा करायचो. "हे बघा, ह्याला म्हणतात ड्रेनेज. पाणी थांबायचंच न्हाई." लोक माना डोलवायचे. एका ग्रामपंचायत सदस्यानं तर फोटो काढून नेला.

चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो, तर शौकतभाई त्या उंचवट्यावरून ट्रॅक्टर नुसता खाली सोडत होते. उतारावर वेग आला, त्यांनी क्लच सोडला, इंजिन धडधडलं.

मी म्हटलं, "हे काय?"

"स्टार्टर गेलाय दिवाळीपास्नं. उताराला लावल्याबिगर चालू हुत न्हाई."

"म्हणजे हा उतार..."

"पाण्याचा न्हाई, आबा. ट्रॅक्टरचा हाय."

तो फोटो अजून ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर आहे. खाली लिहिलंय, आदर्श पाणी नियोजन.

* * *

मग म्हटलं, शिकलेला माणूस बघू. बायकोचा भाचा इंजिनिअर, सांगलीत विश्रामबागला ऑफिस. पांढरे बूट घालून आला. मोबाईल जमिनीवर ठेवून लेव्हल घेतली, दोन तास फिरला आणि आठ दिवसांनी रंगीत नकाशा पाठवला.

नकाशा मात्र झकास होता. मधून रस्ता जरा फुगीर, दोन्ही बाजूंना चर, लवणात सिमेंटच्या पाइपांची मोरी. पाणी निळ्या बाणांनी दाखवलेलं. बाण वरच्या रानातून निघाले, मोरीतून आरपार गेले आणि थेट कागदाच्या कडेला जाऊन थांबले.

मी फोन केला. "अरे, बाण पुढं कुठं जातोय?"

"म्हणजे?"

"कागद संपला तिथं पाणी संपत न्हाई, बाबा. पुढं तात्याचं रान हाय."

तो म्हणाला, "मामा, ते लोकल लेव्हलला बघून घ्या."

इतकं शिकून हा पोरगा शेवटी तेच म्हणाला, जे गावात कुणीही चहा पिता पिता म्हणतो.

* * *

लोकल लेव्हलला मी पाइप आणून टाकले. तात्या कमरेला टॉवेल गुंडाळून आला आणि म्हणाला, "माझ्या रानात एक थेंब नको. हळद कुजती."

पाणी वर्षानुवर्षं तिथूनच ओढ्याला जात होतं, पण पसरून, हळूहळू. मोरी केली तर एका जागी लोट पडणार, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ज्या तात्यानं चैत्रात पाण्याच्या पाळीतल्या दोन तासांसाठी माझ्याशी आठ दिवस अबोला धरला, त्याच्या तोंडून हे ऐकवेना. मी म्हटलं, "चैत्रात थेंबाथेंबासाठी भांडत हुतास की."

"ते पाळीचं पाणी हुतं. ह्ये कुणाचं हाय?"



शेवटी देवळात बैठक बसली. तीन वेळा चहा झाला. शौकतभाईंनी सांगितलं, की रस्त्याच्या वरच्या कडेनं माझ्या उसातून चर काढला तर पाणी तात्याच्या हळदीला न लागता ओढ्याला जाईल. सगळे माझ्याकडं बघायला लागले. उसाच्या दोन सऱ्या जाणार होत्या. मी म्हटलं, "माझाच ऊस का म्हणून? पाणी काय मी एकटा पाडतोय?"

मग एकमतानं ठरलं, की पाण्याचं काय ते पाऊस आल्यावर बघू. असल्या ठरावाला आमच्याकडं कधीच कुणाचा विरोध नसतो.

पाइप तिथंच पडून राहिले. त्यात शेळीची करडं झोपायची. मोरीशिवाय रस्ता पुरा झाला, चांगला कमरेएवढा उंच. हवालदारांनी नारळ फोडला आणि म्हणाले, "शिराळ्यापातूर असला रस्ता न्हाई." तात्यानंही गप्प न बसता, रस्त्याचं पाणी आपल्यात येऊ नये म्हणून, त्याला लागून आपला बांध रस्त्यापेक्षा दोन हात उंच करून घेतला. माती कुठून आणली, ते सांगायला नको. आमच्या अंगाला रस्ता आणि त्याच्या अंगाला बांध, दोघांनी मिळून लवणात पक्कं धरण बांधलं होतं. कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. खोटं कशाला बोलू, लक्षात आलं होतं. पण आधी कोण बोलणार?

* * *

आषाढात तीन दिवस पाऊस धरून राहिला. चौथ्या दिवशी सकाळी दहाला रोहिणीला कळा सुरू झाल्या. दुसरटीला वेळ लागत नाही, असं बायको म्हणाली आणि मी दवाखान्याच्या गाडीला फोन केला. गाडी डांबरीवरून आमच्या रस्त्याला लागली, निम्म्यापर्यंत आली आणि थांबली.

लवणात रस्ता दिसतच नव्हता. माझ्या उसातलं पाणी चढून रस्त्यावर आलं होतं आणि तात्याच्या बांधाला अडून मांडीएवढं उभं होतं. ड्रायव्हर उतरला, पाण्यात काठी घालून बघितली आणि म्हणाला, "इंजिनात पाणी जाईल. कड कुठाय ते बी दिसंना. मी घालत न्हाई."

शौकतभाईंचा ट्रॅक्टर मलकापूरला दुसऱ्या कामावर होता. रोहिणीला खाटेवर घालून नेऊ म्हटलं, तर एवढ्या पाण्यात खाट धरून चालायला चार गडी तर हवेत. आम्ही होतो तिघं म्हातारे. मी, हवालदार आणि तात्या.

बांध फोडला की पाणी उतरणार, हे तिघांनाही दिसत होतं. मी म्हटलं, "तात्या, बांध फोड."

तो म्हणाला, "रस्ता फोड की. तुझा हाय."

हवालदार म्हणाले, "रस्ता फोडल्यावर गाडी कशावरनं नेणार? आन् फाउंडेशनला हात लावायचा न्हाई, सांगून ठेवतो."

मी म्हटलं, "त्या दिवशी माती नेताना इचारलं हुतंस का?"

तात्या म्हणाला, "आन् तू दोन सऱ्या सोडल्या असत्यास तर?"

हे आज लिहिताना मला स्वतःची शिसारी येते. ओसरीवर सून खांबाला धरून उभी होती, तिचं ओरडणं आम्हाला तिथपर्यंत ऐकू येत होतं, आणि मी चैत्रातल्या दोन तासांच्या पाण्याचा हिशेब काढत होतो. तात्याही हट्टाला पेटला होता. हवालदार हात मागं बांधून पाण्याची पाहणी करत होते.

तेवढ्यात बांधावरून शेवंतावहिनी आल्या. तात्याची बायको. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात खोरं. आमच्यातल्या कुणाकडं त्यांनी बघितलं नाही. बांधाच्या मधोमध उभ्या राहिल्या, लुगडं खोचलं आणि खोरं घातलं.

चार-पाच खोरी झाली आणि पाण्याला वाट सापडली. मग त्यांना फारसं करावंच लागलं नाही. पाणीच बांध कापत सुटलं आणि गढूळ लोट खाली तात्याच्या रानात घुसला. हातभर वाढलेली हळद आडवी होत गेली, सरीमागून सरी. रस्त्यावरचं पाणी गुडघ्यावर आलं, मग घोट्यावर, मग मुरूम दिसायला लागला.

ड्रायव्हरनं गाडी घातली. दारात गेली, रोहिणीला आणि बायकोला घेऊन परत फिरली आणि आमच्या अंगावर चिखल उडवत डांबरीला लागली. वहिनी अजून खोरं मारत होत्या, भगदाड रुंद करत होत्या, मागं पाणी उरायला नको म्हणून.

तात्याचा आवाज तेव्हा कुठं फुटला. "शेवंते, अगं खाली हळद हाय."

वहिनींनी मान वर केली नाही.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "मीच लावलीया."