तुळजाबाईच्या हुकमाचा गुलाब

बायनाबाईला सासूची नक्कल अशी साधायची की घाटनांदूरच्या आडावर बाया पोहरा सोडून पोट धरून बसायच्या. मान डावीकडे कलती, ओठ तंबाखूवर दुमडलेले आणि जात्यात खडा सापडावा तसा खरखरीत आवाज. एकदा खुद्द तुळजाबाईच मागे येऊन उभी राहिली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझा आवाज वापरतीस, वापर. झिजवू नको."

तुळजाबाईचा जीव मोरीपाशी लावलेल्या गावठी गुलाबात. लग्नात आष्टीकडच्या माहेराहून तिने ओल्या फडक्यात गुंडाळून वीतभर काडी आणली होती, तिचं आता पुरुषभर उंच झुडूप झालं होतं. फूल लहान, फिकं गुलाबी, पाकळ्यांची नुसती दाटी. पण वास असा की भाकरी थापणारीचा हात थांबावा.

दरसाल दसरा झाला की ती त्याच्या मुळ्या उकरून उघड्या करायची आणि पाणी तोडायची. याला ताण देणं म्हणतात. आठ-दहा दिवसांत पानं गळायची, झाड मेल्यासारखं दिसायचं. मग एका दुपारी ती नखाने साल खरवडायची, आतली हिरवी रेघ बघायची आणि हुकूम सोडायची, "बायने, दे आता." आधी दिलं तर फूल नाही, उशिरा दिलं तर झाड नाही. नेमकं कधी द्यायचं हे मात्र तिने सुनेला कधी शिकवलं नाही. शिकवलं असतं तर हुकूम कुणाला सोडणार?

बहात्तर साली दसऱ्यालाच आडाचा तळ दिसला. तरी म्हातारी खुरपं घेऊन बसली. तिचा लेक आश्रुबा म्हणाला, आभाळानंच ताण दिलाय, तू आनिक कावून देतीस? तुळजाबाईने मान वर केली नाही. "आभाळाचा ताण निराळा, माझा निराळा. माझ्या ताणाला शेवट हाय."

गावच्या सोसायटीने टँकर आणायचं ठरवलं. दोन दिवसांआड, घरटी दोन घागरी. ताणाच्या सातव्या दिवशी बायनाबाई टँकरच्या रांगेत उभी होती. परत आली तर सासू गुलाबाशेजारी आडवी. तोंड उघडं, जीभ वाळलेली. शेवटचं पाणी तोंडात घालायला घरात माणूस नव्हतं, आणि असतं तरी घागरी रिकाम्याच होत्या.

क्रियाकर्म सुरू झालं. मुळ्या तशाच उघड्या राहिल्या. बायनाबाई रोज साल खरवडून बघायची. हिरवी रेघ दोऱ्याएवढी उरली होती. पाणी घालायला हात उचलायचा आणि थांबायचा. हुकूम कुठे झाला होता? शेवटी शेजारीण सत्यभामा म्हणाली की आता ह्याचं सरपणच होतंय बघ. आगं, म्हातारीचा आवाज हाय न्हवं तुझ्यापशी, तूच सोड की हुकूम. दोघी कितीतरी दिवसांनी हसल्या.

भर दुपार होती. गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला, गल्लीत कुत्रंही नव्हतं. बायनाबाईने तांब्या भरून घेतला. मान कलती केली, ओठ दुमडले.

"बायने, दे आता."

हुबेहूब. दारात उभी सत्यभामा खुदकन हसली. बायनाबाईही हसत तोंड मिटायला गेली, पण तोंड मिटेना.

"निम्मं त्याला," त्याच घशातून आलं. "निम्मं मला. मी कोरडीच गेले की गं."

सत्यभामा पुढे गावभर सांगायची, तोंड बोलत होतं आणि वरचे डोळे त्या तोंडाला भ्यालते.

बायनाबाईने अर्धा तांब्या मुळ्यांवर ओतला. राहिलेलं कुठे ओतायचं? सासू ज्या तोंडाने बोलत होती ते तर तिचं स्वतःचंच होतं. तिने तांब्या ओठांना लावला. पाणी घटाघटा आत गेलं, पण तिचा स्वतःचा घसा होता तसाच कोरडा राहिला. मग तिने मुळ्यांवर शेणखत आणि माती ओढली. नवव्या दिवशी वाळल्या काड्यांवर लालसर डोळे फुटले.

नंतर आडावर बायांनी लई आग्रह केला. बायनाबाईने मान कलती केली, ओठ दुमडले आणि निघाला तो तिचाच बारीक आवाज. नक्कल कायमची गेली होती. तो आवाज आता वर्षातून एकदाच यायचा, गुलाबापाशी.

पुढे सहकारी कारखान्याच्या बागेतला माळी आसाराम तिच्याकडून काड्या घेऊन गेला. रोज नळीने पाणी देऊनही सगळ्या वाळल्या. पाणी कधी द्यायचं ते तरी सांगा, म्हणत तो परत आला.

"मी कुठं ठरवते? त्या सांगतेत," बायनाबाई म्हणाली. "ताणात येऊन बसा."

दसऱ्यानंतर आठव्या दिवशी तो येऊन बसला. मुळ्या उघड्या होत्या. बायनाबाई शेजारी पाटावर गप्प बसली होती, मांडीशी भरलेला तांब्या. सत्यभामेने आधीच बजावलं होतं की तिच्याशी बोलू नका. दसऱ्यापासून ती बोलत न्हाई, तोंड मोकळं ठेवती. आसाराम मनात हसला. मग त्याने गुलाबाकडे पाहिलं, तिच्या फुटलेल्या ओठांकडे पाहिलं, आणि ताण दोघांनाही दिलेला आहे हे त्याच्या ध्यानात आलं.

तेवढ्यात बायनाबाईची मान सावकाश डावीकडे कलायला लागली.

आसारामाने टोपी उचलली. हुकूम ऐकायला तो थांबला नाही. फाटकाबाहेर पडताना तांब्या निम्मा रिता झाल्याचा आवाज मात्र त्याने ऐकला. उरलेल्या निम्म्याचा ऐकू येऊ नये म्हणून तो पळाला.