एलीताईंचा होल्डॉल

आयुष्यात मूर्खपणा मी पुष्कळ केला, पण चारचौघांत पाहुण्या बाईंना रीतभात शिकवण्याचा मूर्खपणा एकदाच केला. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. दोन वेण्या, निळा फ्रॉक, गळ्यात स्कार्फ आणि अंगात एवढा शहाणपणा, की त्यातला चमचाभर जरी आज उरला असता तरी सुनेशी माझं बरं जमलं असतं. स्काउट-गाइडमध्ये शेकहँड डाव्या हातानं करतात. डावा हात काळजाच्या बाजूचा, म्हणून. आमचं पथक चालवणाऱ्या एलीताईंनी हे आम्हाला पहिल्याच शनिवारी शिकवलं होतं. तरीही तपासणीला आलेल्या जिल्ह्याच्या बाईंनी डावा हात पुढे केला तेव्हा मी तो हळूच बाजूला सारला, त्यांचा उजवा धरला आणि म्हणाले, "बाई, हा."

एलीताई गेल्या महिन्यात गेल्या. त्यांच्या भाचीचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी गेली. झोपेतच," ती म्हणाली. मी "बरं" म्हणाले. बरं काय, बरं... फोन ठेवून पुन्हा मेथी घेतली. जुडी संपल्यावर पाहिलं तर पानं केरात आणि काड्या पातेल्यात.

आमच्या चर्चच्या आवारातल्या शाळेत एलीताई शिकवायच्या. चर्चचं स्काउट पथक होतं, पण मुलांचं. मुलींनी रविवारी गाणी म्हणावीत, नाताळात तारे चिकटवावेत, इतपतच. एलीताई पंचकमिटीपुढे उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची पंचविशीही उलटली नव्हती. कमिटीतल्या एका काकांनी विचारलं, "म्हणजे आमच्या पोरी शिट्ट्या फुंकत डोंगरात हिंडणार?" एलीताई म्हणाल्या, "काका, हंडे घेऊन हिंडतातच की. तेव्हा कुणी विचारत नाही." परवानगी मिळाली, ती नाक मुरडतच. जागा मिळाली चर्चमागची अडगळीची खोली. तिथे नाताळच्या गव्हाणीतली लाकडी मेंढरं ठेवलेली असत, त्यांच्या मानांना दोऱ्या बांधून आम्ही गाठी शिकलो. पहिला कॅम्प पांडवलेण्यांच्या पायथ्याशी झाला. डाळ करपली, भात कच्चा राहिला आणि मला वाटलं, यापेक्षा सुख ते काय असतं.

एलीताईंचं मात्र एक वेगळंच स्वप्न होतं. जिल्ह्याची मान्यता मिळाली की पथकाच्या बाईंना मोठ्या प्रशिक्षणाला पाठवत, लांब, मध्य प्रदेशातल्या डोंगरांत. एलीताई तोवर रेल्वेनं मनमाडच्या पुढे गेल्या नव्हत्या. भद्रकालीतल्या शिंप्याकडून त्यांनी प्रवासात अंथरूण गुंडाळून न्यायचा खाकी कॅनव्हासचा होल्डॉल शिवून घेतला होता. एका शनिवारी तो खोलीत पसरून त्यांनी आम्हाला दाखवला. "इथे उशी. इथे टॉवेल. आणि चपला या कप्प्यात, म्हणजे अंथरुणाला माती नाही लागत." लग्नाचा शालू दाखवावा तसा दाखवला. मान्यता तेवढी यायची राहिली होती.

आणि मान्यतेच्या तपासणीलाच मी ते दिवे लावले. खरं सांगायचं तर मी विसरले नव्हते. मी विचार केला होता, हेच तर वाईट. आपापसात डावा ठीक आहे, पण एवढ्या मोठ्या बाईंना? आमच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी देव बदलला, पण डावा हात डावाच राहिला. मोठ्यांना डाव्या हातानं साधी वाटी दिली तरी आजी चिमटा काढायची. मी तुकडीची नायिका, रांगेत पहिली. माझं पाहून मागच्या साऱ्या जणींनी ओळीनं उजवे हात पुढे केले. बाई हसल्या, छान हसल्या. जाताना म्हणाल्या, "पायाच कच्चा आहे. पुढच्या वर्षी बघू." एलीताईंनी झेंडा उतरवला, चार घड्या घातल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घरी आजी म्हणाली, "बरं केलंस. शिकलेली असली म्हणून काय झालं, डावा हात देते म्हणजे काय?" आणि माझ्या ताटात एक लाडू जास्तीचा वाढला. मी तो खाल्लाही.

पुढच्या वर्षी मान्यता आली. पण तोवर एलीताईंच्या वडिलांनी अंथरूण धरलं होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं. ते उठले नाहीत, आणि ते गेल्यावर आईनं धरलं. होल्डॉल खाटेखाली गेला तो गेलाच. पथक मात्र त्यांनी त्यांचे गुडघे चालले तोवर चालवलं. त्यातल्या मुली नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या, एक तर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात लागली. एलीताई लग्नाविना राहिल्या. त्यांच्यामागे पथक घ्यायला कुणी पुढे आलं नाही. मीही नाही. माझे तेव्हा संसार, मुलं, दुखरी कंबर असे पुष्कळ बहाणे होते. त्या खोलीत आता प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत आहे.

त्या मला कधी रागावल्या नाहीत. हेच मला आयुष्यभर सलत राहिलं. एकदा, त्या इंदिरानगरला भाचीकडे राहायला आल्यावर, मी धीर करून म्हटलं, "ताई, त्या तपासणीबद्दल एकदा तरी रागवायचं होतंत मला." त्यांनी कप पुढे केला. "साखर बघ, बरोबर आहे का." विषय संपला.

दफनविधीनंतर सुनंदानं होल्डॉल माझ्या हवाली केला. आता तो माझ्या पलंगाखाली आहे. डांबरगोळ्यांचा वास येतो. चपलांच्या कप्प्यात मातीचा कणही नाही. कधी कधी मी तो ओढून काढते, पट्टे सोडते, पुन्हा आवळते. नातू विचारतो, "आजी, कुठे चाललीस?" मी म्हणते, "मनमाडच्या पुढे."

शेवटची भेट झाली ती त्या जाण्याच्या पंधरवडाभर आधी. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू गेली होती. सुनंदानं हाच होल्डॉल गुंडाळून त्यांच्या लुळ्या हाताखाली आधाराला ठेवला होता. मी बाजूला बसले आणि तो उजवा हात हातात घेतला. गार होता. मी आपली तो चोळत राहिले, दाबत राहिले. एलीताईंनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग तोंड एका बाजूला ओढून, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "पुष्पे... अजून उजवाच? आता तरी डावा दे."