पक्षाने धाडलेला जावई

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा फिर्मिनो गालेझियो आमच्या दारात पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा त्याच्या अंगातला कोट दुसऱ्याच कोणाच्या तरी मापाचा होता. नावही दुसऱ्याच कोणाचं होतं, पण ते आम्हाला कितीतरी वर्षांनी कळलं.

आम्ही रशियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या केर्चचे इटालियन. पणजोबा दक्षिण इटलीतल्या बिशेल्येहून होडीने आले, समुद्रकाठी द्राक्षं आणि टोमॅटो लावले आणि इथेच राहिले. बाहेर रशियन, घरात बिशेल्येची बोली. मग गाई, बागा, होड्या सगळं एकत्र करायचा हुकूम आला. आधी एक रशियन अधिकारी येऊन समजावून गेला. आमच्या लोकांनी त्याला वाइन पाजली आणि काहीच केलं नाही. म्हणून मॉस्कोने आमच्यातलाच माणूस धाडला.

आमच्यातला म्हणजे कसला. तो उत्तरेचा, साव्होनाचा. पहिल्या सभेत तो त्याच्या उत्तरेच्या बोलीत बोलायला लागला तशी माझ्या वडिलांनी, माउरो लोपोपोलो त्यांचं नाव, शेजाऱ्याला कोपराने ढोसलं.

"हा इटालियन असेल तर मग आपण कोण रे?"

मागचा बाक खदखदून हसला. फिर्मिनोही हसला. त्याला वाटलं, आपण विनोद छान केला.

साव्होनाला तो लेथवर काम करायचा. कम्युनिस्ट पक्षात गेला आणि मार्सेयहून येणाऱ्या बोटींच्या कोळशाखालून पत्रकं आणू लागला. काळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांनी पकडून इतकं मारलं, की डाव्या कानाने त्याला कधीच नीट ऐकू आलं नाही. डोंगरातून पळून फ्रान्सला गेला, तिथे दर काही महिन्यांनी नवी खोली आणि नवं नाव. मग मॉस्को, तिथलं शिक्षण, आणि मग आम्ही. पाठवतील तिथे जायचं, देतील ते नाव लावायचं, एवढंच त्याला माहीत होतं.

आमच्याकडे एक खोली रिकामी होती, म्हणून त्याला आमच्यात उतरवलं. माणूस वाईट नव्हता. विहिरीचा रहाट दुरुस्त केला, मला लिहायला शिकवलं, ताटात पडेल ते खाल्लं. आईला आवडला. अपोलोनियाताईला जरा जास्तच आवडला. लग्न कचेरीत झालं, चर्चमध्ये तोवर धान्याची पोती रचलेली होती. आमच्या बायका नवऱ्याला अहो-जाहो करत. ते त्याने पहिल्याच दिवशी बंद पाडलं. "मी मालक नाही तुझा," म्हणाला. ताई लाजून दोन दिवस त्याला हाकच मारेना.

लग्नाआधी त्याने वडिलांकडे एक मागितलं होतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांकडे इटलीचा पासपोर्ट होता, वडिलांकडेही होता.

"तो कागद टाका बाबा. काळ्या शर्टवाल्यांचा आहे तो. त्यांनी माझा कान फोडला."

"कान तुझा फोडला. पासपोर्ट माझा का मागतोस?"

"हाच तुमचा देश आहे."

"देशाचं मला कळत नाही. उद्या इथे नाही जमलं तर बाहेर पडायला एक दार असावं घराला."

"नाही जमलं असं होणारच नाही."

वडिलांनी ताईकडे बघितलं. ती दाराशी उभी राहून डोक्याच्या रुमालाचं टोक पिळत होती. तिच्यासाठी त्यांनी पासपोर्ट दिला. ते बघून गल्लीतल्या आणखी कितीतरी जणांनी दिले. ज्यांनी दिले नाहीत ते पुढच्या वर्षी बोटीत बसून इटलीला गेले. जाताना त्यांना आम्ही भित्रे म्हणालो.

मग तो हिवाळा आला. पीक बरं आलं होतं, पण सरकारला द्यायच्या धान्याचा वरून आकडा आला तो पिकापेक्षा मोठा. फिर्मिनो आता सामुदायिक शेतीचा अध्यक्ष होता. त्याने आकडा पुरा केला. बियाणंसुद्धा गाडीत चढवलं. नाताळापर्यंत आम्ही किनाऱ्यावरचे शिंपले आणि रानातला पाला उकडून खात होतो. गल्लीत कुत्रं उरलं नाही. ताईला सहा महिन्यांची मुलगी होती, लिबेरा नावाची. ताईचं दूध आटलं.

कोठार झाडायचं काम ताईकडे होतं. एके दिवशी झाडलोटीतले मूठभर जव तिने डोक्याच्या रुमालात बांधून आणले आणि तव्यावर भाजायला टाकले. त्याची पेज करून पोरीला पाजायची होती. तेवढ्यात फिर्मिनो घरात आला. वास त्याला दारातच आला असणार.

"कुठले?"

ताई म्हणाली, "झाडताना सापडले. मातीतले आहेत."

तो ओरडला नाही. तवा उतरवला, गरम दाणे तसेच रुमालात ओतले, गाठ मारली आणि खिशात घातले. मी तिथेच होते. मला वाटलं, परत नेऊन टाकील.

दुसऱ्या दिवशी त्याने सभा बोलावली. कोठारातच. ताईला पुढे उभं केलं, कडेवर पोर. रुमाल टेबलावर सोडला.

"चोर शोधायचा तर आधी स्वतःच्या घरात शोधावा," तो म्हणाला. "ही माझी बायको आहे. सामाईक धान्याला हिने हात लावला."

कोणी वर बघेना. मागून म्हातारी कार्मेला बोलली, "आणि ते कडेवरचं पोर कोणाचं आहे रे?"

"सगळ्यांचं."

"मग सगळ्यांना विचार की, त्याला जव द्यायचे का."

ताईचा महिनाभराचा रेशनचा पाव बंद झाला. पोरीचा वेगळा पाव नव्हताच. आई आणि मी आमच्यातला तुकडा ताईला देत होतो, पण आमचाच तुकडा केवढा. महिना भरायच्या आत लिबेरा गेली. जमीन गोठली होती. फिर्मिनोने एकट्याने पहारीने खड्डा खणला, कोणाला हात लावू दिला नाही. दुपारी पोती मोजायला कोठारावर गेला.

तो पुढे सांगायचा, दुसऱ्या कोणी आधी कळवलं असतं तर ताईला दहा वर्षांची सजा झाली असती, मीच पुढे झालो म्हणून ती वाचली. असे कायदे होते तेव्हा, हे खरं आहे. ताईने ह्यावर किती विश्वास ठेवला, मला कधीच कळलं नाही. कधी ती तेच शब्द मला ऐकवायची, कधी नुसती भिंतीकडे बघत बसायची.

वडील त्याच्याशी टोमण्याच्याच सुरात बोलू लागले. "जावईबापू, मीठ सरकवा जरा. की आधी सभा घ्यायची?" फिर्मिनो मीठ सरकवायचा.

चार-पाच वर्षांनी, इटलीतून आलेला प्रत्येक माणूस हेर असतो, असं मॉस्कोला वाटू लागलं. शहरातून गुप्त पोलिसांचा एक तरुण अधिकारी आला. पुन्हा तेच कोठार, तेच टेबल. पुढे आता फिर्मिनो उभा.

"फिर्मिनो गालेझियो हे तुझं खरं नाव?"

"नाही."

"कोणी दिलं?"

"पक्षाने."

"म्हणजे खोट्या नावाने राहतोस, हे कबूल. लिहून घ्या."

मग म्हणाला, ह्याला पक्षातून काढावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. वडिलांचा हात सगळ्यांत आधी वर गेला, आणि चांगला ताठ. मग सगळ्यांचे गेले. माझाही. ताई हात मांडीवर ठेवून बसली होती. अधिकाऱ्याची मान तिच्याकडे वळली. फिर्मिनो तिच्याकडे न बघता हळूच म्हणाला, "उचल."

तिने उचलला.

"एकमताने?" अधिकाऱ्याने विचारलं.

"थांबा," फिर्मिनो म्हणाला, आणि त्याने स्वतःचाही हात वर केला. "आता एकमताने."

त्या दिवशी लोक घरी जाताना हसत होते. आईने घरी येऊन चूल पेटवली आणि म्हणाली, असं हसू नये.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी टोमॅटोच्या वाफ्यातून त्याला नेलं. पंधरवड्याने गाडी पुन्हा आली आणि गल्लीतल्या पाच म्हाताऱ्यांना घेऊन गेली. त्यांत माझे वडील होते. इटलीसाठी हेरगिरी केली, असा आरोप. ज्यांच्याकडे इटलीचा साधा कागद उरला नव्हता, त्यांच्यावर. पाचही जणांना गोळ्या घातल्या, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच सांगितलं, की तुरुंगात त्यांच्यासाठी डबा आणू नका.

फिर्मिनो मात्र दोन वर्षांनी परत आला. त्या काळात काहींना सोडलं, का सोडलं ते सोडणाऱ्यांनाही ठाऊक नसावं. तोंडात दात नव्हते आणि हाताची बोटं मिटत नव्हती. ताईने दार उघडलं.

"या," म्हणाली. "बसा."

त्या दिवसापासून ती त्याला अहो-जाहो करायला लागली. ह्या वेळी त्याने ते बंद पाडलं नाही.

तिने सूप वाढलं. चमचा धरता येईना, तेव्हा वाडगा त्याच्या तोंडाला लावला. आई चुलीपाशी बसली होती. सूप संपल्यावर ताईने विचारलं, "बाबांचं नाव तुम्ही घेतलंत?"

"हो."

"का?"

"त्यांना पाच नावं हवी होती. दिल्याशिवाय थांबत नव्हते." त्याचे शब्द दातांवाचून फुटत होते, म्हणून तो सावकाश बोलत होता. "मी म्हातारे घेतले. तरुण दिले असते तर कापणी कोणी केली असती?"

आई उठली आणि बाहेर गेली. त्यानंतर मरेपर्यंत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. ताईने वाडग्यात आणखी सूप ओतलं.

मी तिला परसात गाठून म्हटलं, "हाकल त्याला."

"कुठे हाकलू? दारात उभं करील असं कोण उरलंय त्याला?"

"मग मरू दे."

"तू वाढशील ताट, तेव्हा तू ठरव," ती म्हणाली.

लढाई आमच्याकडे पोचली त्या पहिल्या हिवाळ्यात, इटली शत्रूच्या बाजूने म्हणून, सगळ्याच इटालियनांना केर्चमधून उचललं. दोन तासांत आवरायला सांगितलं. आधी बोट, मग गुरांचे डबे, आठवड्यांमागून आठवडे, थेट कझाकस्तानपर्यंत. आई वाटेत गेली. गाडी थांबली तिथे रुळांच्या कडेला तिला चादरीत गुंडाळून ठेवलं. फिर्मिनोने त्या मोडक्या बोटांनी बर्फ उकरायला सुरुवात केली. शिपायाने त्याला लाथ मारून डब्यात चढवलं. डब्यात कोणी त्याला शेगडीजवळ बसू देत नव्हतं. ताई त्याच्यासाठी आपली जागा सोडायची आणि स्वतः दाराच्या फटीशी बसायची.

कोळशाच्या खाणींच्या त्या गावात ताईने ढकलगाड्या ओढल्या. फिर्मिनो पहारेकरी झाला. दरवर्षी तो पक्षाला अर्ज करायचा, मला परत घ्या म्हणून. बोटं चालत नव्हती, म्हणून अर्ज ताई लिहायची. कोणी शिव्या घातल्या तर तो समजावायचा, "चुका माणसांच्या होत्या. पक्षाच्या नव्हत्या."

मॉस्कोचं वारं फिरल्यावर शेवटी उत्तर आलं. सगळे आरोप खोटे होते. सभासदत्व परत, पहिल्या दिवसापासून धरून. इटलीला जायचीही मुभा. कागदावर त्याचं खरं नाव होतं, आमिल्कारे रेबाल्याती. ताईने ते नाव तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

कचेरीतली बाई म्हणाली, आमिल्कारे रेबाल्याती अविवाहित आहेत. अपोलोनिया लोपोपोलोचं लग्न ज्या गालेझियोशी लागलं, तसा माणूसच नाही. दुरुस्ती होईल, पण वेगळा अर्ज, साक्षीदार, वर्ष-दीड वर्ष.

"थांबायचं का?" ताईने घरी विचारलं.

"परवाना तीन महिन्यांचाच आहे," तो म्हणाला. "मी पुढे होतो. तिकडून कागद पाठवतो."

ती त्याला गाडीपर्यंत पोचवायला गेली. कोटाची बटणं तिनेच लावली, त्याला लावता येत नसत.

कागद आला नाही. काही वर्षांनी साव्होनाचा एक पक्षाचा माणूस खाणीचं यंत्र बघायला आला. भला होता, गोरा, हसरा. इथल्या पक्षाच्या चिटणीसाबरोबर तो आमच्या खोलीत आला, लोकरी मोजे आणि कॉफीचा डबा घेऊन.

"रेबाल्याती कॉम्रेडनी दिलंय. तुमच्याकडेच राहायला होते ना ते? सांगतात नेहमी, घरमालकीणबाई फार मायाळू होत्या."

ताईने मोजे हातात घेतले. चिटणीस तिच्याकडे बघत होता.

"हो," ती म्हणाली. "राहायला होते."

"तुमच्या वडिलांचीही फार आठवण काढतात. न्यूमोनियाने गेले म्हणे."

माझ्या तोंडून काहीतरी निघणार होतं. ताईने माझ्या पायावर पाय दाबला, जोरात. तिचं पेन्शन त्या चिटणीसाच्या सहीवर होतं, आणि माझंही.

"न्यूमोनियानेच," ती म्हणाली. "कॉफी घ्याल ना?"

पाहुणा घेऊन गेला, तारीफ करून. साव्होनाला सभांमध्ये रेबाल्याती केर्चच्या शेतीबद्दल किती सुंदर बोलतात, हेही सांगून गेला. तो गेल्यावर ताईने कपबशा विसळल्या. मी तिला नको नको ते बोलले. ती ऐकत राहिली.

"त्याच्या कोटाची बटणं आता कोण लावत असेल," एवढंच म्हणाली.

पुढच्या थंडीत खाणीतल्या धुळीने तिची छाती भरली आणि ती गेली. साव्होनाला कळवायला माझ्याकडे पत्ता नव्हता. असता तरी कळवलं नसतं. मोजे मी वापरले, फाटेपर्यंत.