नेऱ्याच्या वनिताताईंचं पॅनेल

वेबसाइट दुरुस्तीच्या धंद्यात एक बरं असतं, बिघाड निघून जातो आणि किस्सा मागे राहतो. नवीन पनवेलच्या आमच्या दोन खुर्च्यांच्या ऑफिसात असे ढीगभर साठलेत. त्यातले निम्मे एकट्या वनिताताईंचे!

ताईंचं नेऱ्याला फार्महाऊस आहे. हळदी, साखरपुड्यांना भाड्याने जातं. लोक वेबसाइटवर तारीख मागतात आणि ताई घरबसल्या अॅडमिन पॅनेलमधून ती स्वीकारतात. म्हणजे पॅनेल चालू असलं तर! कारण 'स्क्रिप्ट एरर' हा त्यांच्याकडे रोजचा पाहुणा.

त्यात त्यांचे धाकटे दीर, राजेशभावोजी, टपून बसलेले. "हळदीच्या सीझनआदी हे नीट झालं नाय, तर बुकिंग एजंटच्या हातात देऊ!"

ताई मला म्हणाल्या, "मॅडम, ही जागा मी उभी केलीय. एजंट माज्या दारात नको." झालं, मीही हट्टाला पेटले.

*

पहिला फोन. "मॅडम, एरर आला!"

"काय लिहिलंय त्यात?"

"वाचलं नाय. तुमी घाबरू नका, मी लगेच बंद केला!"

"बरं, परत आला तर वाचून सांगा."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. "परत आला. पन आता माजा हात बसलाय, दिसायच्या आत बंद करते!"

मी स्कूटर काढली आणि नेरे गाठलं.

*

पॅनेल उघडून बघते तर ताईंनी फार्महाऊसचं नाव अवतरणचिन्हांत टाकलेलं. ती चिन्हं बघून आमची स्क्रिप्ट, म्हणजे पॅनेल चालवणारा कोड, मध्येच थांबत होती. चूक आमचीच, पण मी घाईत म्हणाले, "ताई, ती चिन्हं काढा ना."

"का? नाक्यावरच्या बॅनरवर चालतात, तुमच्याकडं का नाय?"

चिन्हं राहिली. आम्ही कोड बदलला.

*

मग नवीनच तऱ्हा. ताई लॉगिन करायच्या आणि पॅनेल त्यांना लगेच बाहेर काढायचं. दोन दिवस डोकं आपटलं. शेवटी लॅपटॉपचं घड्याळ दिसलं. चांगलं अर्धा तास पुढे! लॉगिनची अर्ध्या तासाची मुदत आमचा सर्व्हर आपल्या घड्याळाने द्यायचा आणि स्क्रिप्ट ती लॅपटॉपच्या घड्याळावर तपासायची, त्यामुळे आत शिरताच मुदत संपलेली.

"आमच्या घरातली समदी घड्याळं पुढंच असतात," ताई म्हणाल्या. "नायतर ही मानसं लग्नाला पोचतील का?"

"पण लॅपटॉपला कुठे लग्नाला जायचंय?"

"त्याच्यात बघूनच तर सगळे तयार होतात!"

पुन्हा आम्हीच वाकलो. मुदतीची तपासणीही सर्व्हरच्या घड्याळावर नेली.

*

तरीही एक एरर जाईना. आमच्याकडे पॅनेल झकास चाले, ताईंकडे बंद पडे. माझा पार्टनर प्रसाद म्हणाला, "लिंबू-मिरची बांधून ये."

मी लिंबू नेलं नाही, पण दिवसभर ताईंच्या शेजारी बसले. तेव्हा सापडलं. त्यांचा ब्राउझर इंग्रजी पॅनेल परस्पर मराठीत करून दाखवत होता आणि त्या उलथापालथीत आमच्या स्क्रिप्टला तिची बटणंच सापडत नव्हती. मी भाषांतर बंद केलं.

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "मराठी दिसली की हे आजारी पडतं? मग पनवेलमदी धंदा कसा करनार तुमी?"

अख्खं पॅनेल आम्ही नव्याने मराठीत केलं. प्रसाद कुरकुरला, पण बसला.

*

सीझन तोंडावर आला. भावोजी परीक्षा घ्यायला हजर! एजंटलाही फोन करून ठेवलेला.

"तुमीच करा बुकिंग," ताई म्हणाल्या.

भावोजींनी मोबाईल काढला. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलेलं, म्हणून त्याच्या हळदीचीच तारीख टाकली. "घरची जागा असताना दुसरीकडं कुठं जानार?"

क्षणात ताईंच्या पॅनेलवर मागणी उमटली. एरर नाही, काही नाही. खाली दोन बटणं, 'स्वीकारा' आणि 'नाकारा'. मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

भावोजीही खूश. "चालतंय की! दाबा वहिनी, स्वीकारा."

ताईंनी सावकाश लॅपटॉप मिटला.

"थांबा भावोजी. एजंटला इचारते, मग कळवते."